हातपाय चालते असताना

४ नोव्हेंबर

आज कामावर रुजू झालो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने 'रुजू झालो' असं लिहिताना जरा हसू येतं, पण ही खरोखरच माझी पहिली नोकरी. आधी शेत, मग वडिलांचं अंथरूण, आणि ते गेल्यावर परिचर्येचा वर्ग. वर्गातल्या पोरी मला काका म्हणत आणि परीक्षेत माझ्याच कागदात डोकावत.

शुश्रूषागृह चढणीच्या टोकाला आहे. लोखंडी फाटक, आत विटांची वाट, दोन्ही बाजूंना बुटकी झाडं. मी कडीला हात घालणार तेवढ्यात आतून एक बाई लगबगीने आल्या आणि असू द्या, असू द्या म्हणत त्यांनीच फाटक उघडलं. पिशवीही माझ्या हातातून काढून घेतली. या इथल्या मुख्य परिचारिका, घरही त्यांचंच. सगळे त्यांना आई म्हणतात. वयाने माझ्याहून लहान असाव्यात, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. तरी आई म्हणताना माझी जीभ अडखळली नाही, याचं मलाच नवल वाटलं.

रुग्णांच्या खोल्या दोन. पुढची मोठी, तिन्ही बाजूंनी उजेड, ओळीने खाटा. मागची स्वयंपाकघराच्या पलीकडे. तिथले रुग्ण फार नाजूक आहेत, त्यांचं सगळं आई स्वतः बघतात. मला तिकडे जायचं कारण नाही. स्वयंपाकाच्या मावशींनी ताट वाढता वाढता सांगितलं की या घरात आजवर कुणी दगावलं नाही. ऐकून बरं वाटलं. पांढऱ्या पायाचा ठरू नये म्हणजे झालं.

निजण्याआधी रोजची प्रार्थना केली. वडिलांचीच आहे, एका ओळीची. देवा, हातपाय चालते असताना ने. त्यांचं त्याने ऐकलं नाही. माझं ऐकायचं की नाही ही त्याची मर्जी, पण मागायला काय जातं.

६ नोव्हेंबर

काम हातात बसू लागलं आहे. सकाळी प्रत्येकाचं अंग पुसायचं. पाणी आधी आपल्या कोपराला लावून बघायचं, कारण राबलेल्या तळव्याला चटका कळत नाही. रुग्ण खाटेवर असतानाच चादर बदलायची, त्याला एका कुशीवर घेऊन. पाठ, टाचा, कंबर रोज डोळ्यांनी बघायची. लाली दिसली की समजायचं, उद्या तिथे जखम होणार. आणि अंगाला हात लावण्याआधी सांगायचं की आता हात लावतो आहे. आमच्या बाई वर्गात म्हणायच्या, माणूस कितीही निपचित पडलेला असो, तो भांडं नव्हे.

दाराजवळच्या खाटेवर एक निवृत्त बस कंडक्टर आहेत. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचाही गेली होती. वाचा परत आली, ती व्याजासकट. मला बघताच ओरडले की पुढे सरका, आत भरपूर जागा आहे. मग विचारलं की तुला ब्रदर म्हणायचं ना? इथे ती आई, तू ब्रदर, म्हणजे मी आपोआप तुझा मामा, तेव्हा मामाला उपाशी ठेवायचं नाही. पुढच्या खाटेवर एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्या एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

कंडक्टरांची मुलगी दिवसभर नोकरीला असते, घरी दुसरं कुणी नाही. तिने बापाला सरळ सांगितलं आहे: बाबा, ज्या दिवशी आपले आपण उठाल, जेवाल आणि मोरीपर्यंत जाल, त्या दिवशी घरी नेते. महिनाअखेरीला ती बघायला येणार आहे. तोवर यांना डाव्या हाताने चमचा धरायचा आहे आणि भिंतीला धरून चालायचं आहे. मी मनाशी ठरवलं की या माणसाला त्याच्या पायांनी घरी पाठवायचं.

वर्गातल्या बाईंचा पहिलाच धडा होता: रुग्णाला जे करता येतं ते त्याचं त्याला करू द्यावं. हात पाठीमागे बांधून नुसतं उभं राहणं ही सगळ्यात अवघड शुश्रूषा. आज मी तसाच उभा राहिलो. शर्टाची तीन बटणं लावायला मामांना इतका वेळ लागला की माझ्याच बोटांना कळा आल्या. तिसरं बटण लागल्यावर त्यांनी तोंडाने घंटी वाजवली. गाडी सुटली म्हणाले.

९ नोव्हेंबर

या घराची एक रीत मोठी गोड आहे. इथे आपलं काम आपण करायचं म्हटलं की आई हळहळतात. मी जेवायला बसलो तर शेजारी येऊन त्यांनी भात कालवला आणि पहिला घास माझ्या तोंडात घातला. मी लाजलो. मग त्यांनी माझ्या बाहीचं बटण लावलं, डोक्याला तेल चोळलं. म्हणाल्या, दिवसभर दुसऱ्यांचं करता, तुमचं कोण करतं?

माझी आई गेली तेव्हा मला बोलता येत नव्हतं. भरवल्याची आठवण असायला भरवणारं माणूस लागतं. मी मान खाली घालून घास गिळला. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाचं नव्हतं. तिने ते पदराने पुसलं.

त्यांनी, असं लिहायला हवं होतं. तिने असं लिहून गेलो. राहू दे.

१३ नोव्हेंबर

मामा आज खाटेपासून दारापर्यंत चालले. भिंतीला डावा हात, उजवा पाय ओढत, आणि वाटेत थांबे पुकारत: खिडकी! कपाट! पाण्याचा माठ, उतरा, उतरा! मी मागून चालत होतो, हात पाठीशी. दाराशी पोचल्यावर म्हणाले की ब्रदर, तू ड्रायव्हर असतास तर मी नोकरी सोडली असती, इतका हळू चालतोस.

बाहीचं बटण मला आज लागेना. आधी वाटलं काज लहान आहे. मग नीट बघितलं तर काज तेवढंच आहे, बटणही तेच आहे. बोटं त्याच्याभोवती नुसती फिरत राहिली, अनोळखी घरात माणूस फिरतो तशी. शेवटी आईने लावून दिलं. लाडाने माणूस वेडावतो म्हणतात ते खोटं नाही.

शिवणकामाच्या बाईंचं मात्र काही तरी बिघडलं आहे. मी आलो तेव्हा त्या बसून गप्पा मारत होत्या. गेल्या आठवड्यात आई त्यांना भरवू लागली, मग धरून नेऊ लागली. आता त्या चालत नाहीत. बोलायच्या बदल्यात बाबा-बाबा, मम-मम असं काही करतात. मान मात्र अजून धरतात.

हे मला स्वस्थ बसू देत नाही. मूल आधी मान धरतं, मग पालथं पडतं, बसतं, रांगतं, उभं राहतं, चालतं, बोलतं. कुठल्याही आजीला हे ठाऊक असतं. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, हेही आपण सहज म्हणून जातो. पण दुखणं इतकं शिस्तीचं नसतं. ते इथलं थोडं नेतं, तिथलं थोडं नेतं, काही विसरून मागे ठेवतं. वडिलांचे पाय गेले तरी शिव्या शेवटपर्यंत शाबूत होत्या. या बाई मात्र जिन्यावरून उतरावं तशा एकेक पायरी उतरताहेत. एकही पायरी चुकत नाही.

१७ नोव्हेंबर

सकाळी शिवणकामाच्या बाईंची खाट रिकामी होती. आई म्हणाली की त्या मागच्या खोलीत गेल्या, तिथे त्यांना बरं वाटेल. बाई कालपासून मान टाकत होत्या.

दुपारी आई फाटकाशी दूधवाल्याशी बोलत होती. मी स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत शिरलो. मावशींनी मला बघितलं आणि पाठ फिरवली.

आत उबदार होतं. पडदे ओढलेले, पण ऊन त्यांतून तांबूस झिरपत होतं. औषधाचा वास नाही, दुधाचा होता. दोन्ही भिंतींना कठड्याच्या खाटा. माणसं लहान झाली होती असं मी म्हणणार नाही, पण त्या खाटा लहान मुलांच्या होत्या आणि ती त्यांत मावली होती. पहिल्या खाटेत बाई, गुडघे हनुवटीला, अंगठा मुठीच्या आत. मी तळव्यात बोट ठेवलं तर त्यांनी ते घट्ट धरलं, नवजात मूल धरतं तसं. पुढच्या खाटेतल्या माणसाने बोट धरलंही नाही. त्याच्या खांद्यावर आणि पाठीवर मऊ लव होती. त्याच्या पुढच्याच्या पापण्या मिटलेल्या नव्हत्या, तर जुळलेल्या होत्या, मधली रेघच उरली नव्हती. त्याहून पुढची माणसं एकेकटी श्वास घेत नव्हती. सगळी ओळ एकदम वर येत होती, एकदम खाली जात होती. भिंतीतून की जमिनीतून कोण जाणे, एक संथ ठोका येत होता.

कुणी दगावलं नाही. खरंच आहे. इथून कुणी सुटतच नाही.

शेवटून तिसऱ्या खाटेत एक तरुण होता. काळी दाट दाढी, अंगात माझ्यासारखाच सदरा. माझ्या आधीचा ब्रदर. हा न सांगता नोकरी सोडून गेला असं मला सांगितलं होतं. त्याला हलवून उठवावं म्हणून मी गालाला हात लावला. त्याने लगेच त्या बाजूला मान वळवली, तोंड उघडलं, आणि दूध शोधू लागला.

मी कसा बाहेर आलो ते आठवत नाही. आईने माझा घाम पुसला. म्हणाली, घाबरलास? आता मला अरे-तुरे करते.

१८ नोव्हेंबर

मावशींना गाठलं. भाजी निवडता निवडता, वर न बघता त्यांनी सांगितलं. आई वाईट नाही. तिची पोटची पोरं मोठी झाली आणि एकेक करून निघून गेली. ती म्हणते, मोठं झालेलं मूल दाराकडे बघतं. तेव्हापासून तिच्या मायेत हे आलं. ती एखादी गोष्ट आपल्यासाठी प्रेमाने करते, आणि ती गोष्ट आपल्या हातातून जाते.

तुमचं काय, असं मी विचारलं. मावशी म्हणाल्या की मला वेणी घालता येत नाही आणि आपल्या हाताने जेवता येत नाही. पण स्वयंपाकाला मी तिला शिवू दिलेलं नाही. पळी एकदा गेली की माझी खाट मागच्या खोलीत. हे त्यांनी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. फाटकाबाहेर का जात नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे कीव करून बघितलं. म्हणाल्या, फाटक तू एकदा तरी उघडलंस का रे भावा?

नाही. ती नेहमी धावत येते.

आपलं जे व्हायचं ते होवो. मामांना तिचा हात लागता कामा नये. अजून त्यांचं सगळं त्यांच्याजवळ आहे, कारण मी आल्यापासून त्यांचं मीच बघतो आहे.

२० नोव्हेंबर

युक्ती केली आहे. मामांच्या हातून भात सांडताना दिसला की तिला राहवत नाही, ती ताटली घ्यायला येते. म्हणून ती यायच्या आत मीच मामांना पटापट भरवून मोकळा होतो. सदराही मीच घालतो, बटणंही मीच लावतो. ती येते तेव्हा सगळं आवरलेलं असतं. ती दारात उभी राहून हसते आणि परत जाते.

मामा कुरकुरतात. म्हणतात की ब्रदर, लांब पल्ल्याची गाडी अशी मध्येच जलद का केलीस? मी म्हटलं, महिनाअखेरपर्यंत सोसा. तळहातावरच्या फोडासारखं जपतो आहे मी त्यांना.

२२ नोव्हेंबर

मामांना चमचा धरता येत नाही.

सकाळी त्यांनी तो उचलला, उलटसुलट करून बघितला, खुळखुळ्यासारखा हलवला. मग माझ्याकडे बघितलं. बटणांचंही तेच. मी रागाने विचारलं की ती कधी आली होती, मी कुठे गेलो होतो तेव्हा? मामा म्हणाले, कुणी नाही आलं रे. मला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.

तिचा हात नव्हे. या घरात कुणाचाही हात. जो जीव लावील त्याचा.

माझा.

पहिला धडा होता. पहिला. मी तो पाठ करून पास झालो होतो. आणि शिवणकामाच्या बाईंचं अंग रोज सकाळी पुसत होता तो कोण होता?

२३ नोव्हेंबर

दुपारी सगळे झोपल्यावर मामांना घेऊन निघालो. चालणं अजून त्यांचं होतं. त्याला मी हात लावलेला नव्हता. विटांच्या वाटेवर ते पाय ओढत होते, मी शेजारून, अंगाला अंग न लावता. त्यांनी थांबे पुकारले नाहीत. निम्मी वाट झाली असेल, मागे तिच्या चपला वाजल्या.

वडिलांना मी सात वर्षं उचललं. हात विचारून उचलत नाहीत. मामांना पाठीवर घेतलं आणि धावत सुटलो.

फाटक. कडी समोर. साधी कडी, वर उचलायची आणि सरकवायची, मी कुणालाही सांगू शकेन. बोटांना सांगता येईना. मामांनी माझ्या खांद्यावरून हात लांबवला आणि कडीला नुसतं थापटलं, तान्ह्याने चेंडूला थापटावं तसं. मग मी त्यांना खाली ठेवलं.

त्यांचे पाय दुमडले. पुन्हा उभे केले, पुन्हा दुमडले.

ते विटांवर बसून माझ्याकडे बघत राहिले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले की ब्रदर, तिकीट घरचं काढलं होतं रे मी.

आईने आम्हा दोघांना आत आणलं. माझं तोंड धुतलं. रागावली नाही.

२५ नोव्हेंबर

मामांची मुलगी आज लवकरच आली, वाटेत काम होतं म्हणून. बाप उठत नाही, चमचा धरत नाही, हे बघून भिंतीला टेकून रडली. मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, ताई, यांना आत्ता, या घटकेला इथून— आणि शब्द जुळवू लागलो. तेवढ्यात आई मध्ये आली. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली की दादांना असं म्हणायचंय, काळजी करू नका, इथे सगळे आहोत.

माझ्यासाठी बोलली.

मी तोंड उघडलं तर नुसता आवाज आला. मुलीने माझ्याकडे दयेने बघितलं. ती रविवारी बापाचे कपडे घेऊन पुन्हा येणार आहे. ती गेल्यावर आईने मामांना मागच्या खोलीत नेलं आणि रात्रीपर्यंत त्यांचं सगळं तिनेच केलं.

लिहिता येतं अजून. माझ्यासाठी आजवर कुणी लिहिलेलं नाही.

२७ नोव्हेंबर

बोलता येत नाही. मम निघतं. ऐकून मावशींनी तोंडात पदर कोंबला.

एक गोष्ट बघितली. काल ती दिवसभर माझ्यामागे होती, मला बोटाला धरून अंगणात फिरवत, चाल चाल करत. आता माझे पाय गेले, ते असो. पण त्या नादात दिवसभर ती मागच्या खोलीत फिरकली नाही. मावशींनीही मुद्दाम फिरकायचं टाळलं. मामा ओले पडून होते, उपाशी पडून होते. संध्याकाळी मावशींनी मला दारातून दाखवलं. मामा कुशीवर वळले होते. मग हात छातीखालून काढला, दात आवळले, आणि पालथे झाले. आपले आपण. कुणी शिवलं नव्हतं.

परत येतं. कुणी काही केलं नाही की परत येतं.

म्हणजे तिला माझ्याकडे गुंतवून ठेवायचं. जेवढं माझ्याजवळ आहे तेवढं तिला एकेक करून द्यायचं. रविवारपर्यंत पुरवायला हवं.

२८ नोव्हेंबर

रडलो. ती आली. सकाळ गेली.

बसता येत असून लवंडलो. तिने उशा लावून बसवलं. दुपार गेली. आता उशांशिवाय—

मावशी म्हणतात मामा मान उचलून बघतात. रांगायला गुडघा पोटाखाली घेतात, घसरतात, पुन्हा घेतात. मावशींना रडू येतं पण हात लावत नाहीत. चुलीपाशी उभ्या राहून पळी घट्ट धरतात.

२९ नोव्हेंबर

आज काही उरलं नव्हतं द्यायला. संध्याकाळी ती मागच्या खोलीकडे निघाली. मी हात जोडले. एवढंच सुचलं. जोडले आणि ओठ हलवले.

ती थांबली. शेजारी येऊन बसली. म्हणाली, देवाला काही सांगायचंय का रे बाळा? बोलता येत नाही ना तुला? थांब, मी सांगते. आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. खूप वेळ केली. छान केली.

मामांना रात्र मिळाली.

आता मनात ती ओळ म्हणू बघतो. देवा— आणि पुढे कुणी नाही. जिथे तो असायचा तिथे नुसती ऊब आहे. वडिलांची ओळ वर लिहिलेली आहे, वाचता येते. पण ती दुसऱ्या कुणाची तरी वाटते.

हे मी दिलं. माझ्या हाताने दिलं. कुणी घेतलं असं म्हणणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

हे मुलीसाठी. मावशी वही कपड्यांच्या घडीत घालून फाटकाच्या गजांतून देतील.

मुली, तुझे वडील रांगतात. सकाळी दारापर्यंत आले. गेल्या वेळी फाटक तू स्वतः उघडून आलीस ना? हो म्हण. तिला उघडू देऊ नकोस. तिच्या हातचं पाणी पिऊ नकोस. आणि—

आई उठली. मामांचे गुडघे वाजतात विटांवर. तिला ऐकू आलं.

ती त्यांच्या मागे चालली.

माझ्याजवळ हे एकच आहे. पेन वर धरलं. बोटं दुखतात असं तोंड केलं.

थांबली. वळली. हसते आहे. म्हणते, दमलास? दे, तू नुसतं मनात आण, मी लिहि—

मुली, लवकर, ती पेन घ्यायच्या आत. ते वाटेवर आहेत. पडतील. तोंडाला रक्त येईल. तुला बघून हात पुढे करतील. तू त्यांना उचलू नकोस. कितीही आतडं तुटलं तरी जवळ घेऊ नकोस. फाटकाच्या बाहेर उभी राहा आणि त्यांना हाक मार, नुसती हाक, ते आपले आप